पहिली-दुसरीच्या पोरांना कृतज्ञता शिकवताना : खिचडी, पोळा आणि अर्धं खाल्लेलं बोर

नमस्कार मॅडम, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा की शिक्षण परिषदेत कृतज्ञता हे मूल्य रुजवा म्हणून सांगितलं, तुम्ही दुसरीच्या वर्गात थँक्यूचा चार्ट लावला, जो थँक्यू म्हणेल त्याच्या नावापुढे स्टार, महिनाभर पोरं थँक्यू मॅडम थँक्यू मॅडम करत होती आणि तीच पोरं दुपारी खिचडी वाढणाऱ्या बाईंवर खेकसतात, खरकटं ताट तसंच टाकून पळतात. कुठं चुकलं आणि दुसरं काय घेता येईल असं तुम्ही विचारलंय.

हे सगळ्यांचंच होतं, मनाला लावून घेऊ नका. जिल्हा परिषदेच्या शाळेत माझी २६ वर्षं झाली, आधी साक्री तालुका, मग पारोळ्याकडं, मधे दोन वर्षं चोपड्याच्या वरच्या अंगाला सातपुड्यात, आणि बहुतेक काळ पहिली-दुसरीच माझ्या गळ्यात. तो स्टारचा चार्ट मीही लावलाय. सोनेरी टिकल्या जळगावहून आणल्या होत्या खास. पंधरा दिवसात काय झालं तर दोन पोरांनी चक्क भागीदारी केली, एकानं कोपरानं दुसऱ्याचं खोडरबर पाडायचं, मग त्यानंच उचलून द्यायचं, दुसरा लगेच थँक्यू म्हणणार आणि दोघं माझ्याकडं बघणार, की सर लावा टिकली. मला आधी हसू आलं. मग एक दिवस एका पोराला म्हटलं जा रे ऑफिसातून डस्टर घेऊन ये, तर तो जागचा हलला नाही, म्हणाला "माले काय भेटी?", म्हणजे मला काय मिळणार. त्या दिवशी चार्ट काढला.

नंतर वाचताना कळलं की हे आमच्याच पोरांचं नाहीये. १९७३ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी प्रयोग केला होता. ज्या पोरांना चित्रं काढायला मुळातच आवडायचं त्यातल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर सोनेरी स्टार आणि रिबिनवालं सर्टिफिकेट मिळेल. एकदोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात बघितलं तर बक्षिसासाठी काढलेल्या पोरांनी बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रात घालवला. ज्यांना काही न सांगता नंतर अचानक सर्टिफिकेट दिलं त्यांचं काही बिघडलं नाही. पुढं २००८ मधे वॉर्नेकेन आणि टोमासेलो यांनी २० महिन्यांच्या बाळांवर पाहिलं, मदत केली की खेळणं दिलेली बाळं नंतर मदत करायला मागं सरायला लागली, आणि ज्यांना नुसतं शाब्बास म्हटलं किंवा काहीच दिलं नाही ती करत राहिली. म्हणजे टिकलीमुळं आपण जे पेरायचं म्हणतोय तेच खुडून टाकतोय. तेव्हा पहिली गोष्ट, तो चार्ट उतरवा. पोरांना काही समजावत बसू नका, रंगरंगोटीच्या निमित्तानं गपचूप उतरवा.

आता दुसरं, आणि मला मुख्य हेच सांगायचंय. थँक्यू हा शब्द आपल्या पोरांच्या घरात नाहीये. अहिराणीत रोजच्या बोलण्यात मायला कुणी थँक्यू म्हणतं का? धन्यवाद तर भाषणाच्या शेवटी येतो, आभार प्रदर्शनात. पोरानं भाकर वाढून घेतली आणि मायला धन्यवाद म्हटलं तर ती बिचारी घाबरेल की याला ताप तर नाही आला. याचा अर्थ आपली माणसं कृतघ्न आहेत असा नाही ना. आपल्याकडं शब्द आहे 'जाण'. जाण ठेवली, जाण नाही त्याला. जाणीव पण त्यातच आली, म्हणजे आधी दिसलं पाहिजे, कळलं पाहिजे, मग लक्षात राहिलं पाहिजे, आणि तोंडानं बोलणं सगळ्यात शेवटी, नाही बोललं तरी चालतं. आपण शाळेत नेमकं उलट्या टोकाकडनं सुरू करतो.

लहान पोरांचं तर मुळात तोंडातून येतच नाही, हातातून येतं. हे पण कुणीतरी तपासलंय. १९३८ साली स्वित्झर्लंडमधे बर्नला बाउमगार्टेन-ट्रॅमर नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ७ ते १५ वर्षांच्या मुलांना दोन साधे प्रश्न विचारले, तुझी सगळ्यात मोठी इच्छा कोणती, आणि ती कुणी पुरी केली तर तू त्याच्यासाठी काय करशील. लहान मुलांमधे एक उत्तर फार यायचं, मी माझं खेळणं त्याला देईन, माझं पुस्तक देईन, म्हणजे स्वतःला जे आवडतं तेच. समोरच्याला काय पाहिजे याचा विचार करणारी उत्तरं वय वाढेल तशी जास्त.

हे वाचलं तेव्हा मला चोपड्याकडचा एक पहिलीचा पोऱ्या आठवला, पावरा या आदिवासी समाजातला, मराठी जेमतेम कळायची. त्याच्या पायात काटा मोडला होता तो मी सुईनं काढून दिला. रडला, पळाला, एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी टेबलावर एक बोर ठेवलं, अर्धं खाल्लेलं. मी कचरा समजून खिडकीतून टाकलं! त्याचं तोंड एवढंसं झालं ते बघून लक्षात आलं. गोड निघालं म्हणून अर्ध्यात थांबला होता तो, उरलेलं माझ्यासाठी ठेवलं होतं. मॅडम, असं बोर, अर्धी पेन्सिल, चिकट झालेली गोळी, चिंचेचं बुटूक तुमच्याही टेबलावर येत असेल. ते घ्या, त्याच्यासमोर घ्या, खाण्यासारखं असेल तर खा. त्याचं थँक्यू देऊन झालेलं असतं, आपल्याला ओळखू येत नाही एवढंच.

आता खिचडीचं. तुमची पोरं वाढणाऱ्या बाईंवर खेकसतात कारण त्यांना ती बाई दिसतच नाही, खिचडी दिसते. आमच्याकडं पोरं सरळ "ए खिचडीवाली" म्हणायची. मी पारोळ्याकडच्या शाळेत एक केलं होतं ते सांगतो, उपक्रम वगैरे नाव नव्हतं त्याला, गणिताचाच तास होता. पोषण आहारात पहिली ते पाचवीला दर पोराला रोज १०० ग्रॅम धान्य असतं. त्या दिवशी पटावरची ६० पोरं हजर होती. तर म्हटलं करा हिशोब, किती तांदूळ लागला. दुसरीच्या पोरांनी दहा-दहाचे गट करून काढलं, एका गटाला एक किलो, सहा गटांना सहा किलो. बरं, सहा किलो म्हणजे किती? काट्यावर मोजून पिशवीत भरले आणि एकेकाला उचलून व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायला लावलं. तिघं-चौघं मधेच ठेवून बसले. मग म्हटलं हा कोरडा आहे, शिजताना यात पाणी पडतं, डाळ पडते, आणि ते पातेलं कोण उतरवतं?

मग सगळा वर्ग किचन शेडमधे नेला, पाच-पाच करून, बाईंना आदल्या दिवशी विचारून. हे विचारायचं विसरू नका, नाहीतर त्यांना वाटतं सर तपासणीला आले. त्या बाईंनी दाखवलं, तांदूळ निवडायला किती वेळ लागतो, खडा कसा ओळखायचा, झारा कसा फिरवायचा नाहीतर तळ लागतो. एका पोरीनं विचारलं तुम्ही कधी जेवता? बाई म्हणाल्या तुम्ही जेवल्यावर, उरलं तर इथं, नाहीतर घरी जाऊन. त्यावर कुणी काही बोललं नाही. मीही काही बोललो नाही, आपल्याला फार मोह होतो अशा वेळी "बघा मुलांनो" म्हणून सुरू करायचा, तो आवरायचा.

दुसऱ्या दिवशी काही चमत्कार झाला नाही. चार-पाच पोरांनी ताटं धुवून रचून ठेवली, बाकीचे पळालेच. पण हळूहळू 'खिचडीवाली' गेलं आणि 'मोठी माय' आलं, ते मी सांगितलेलं नव्हतं. आणि एक पोरगं होतं ते तरीही रोज सांगायचं की आज मीठ कमी. मला ते आवडायचं. बाईंनाही, त्या म्हणायच्या एवढा एकच चव घेऊन खातो. जाण असली म्हणून मीठ कमी आहे हे सांगायचं नाही असं थोडंच आहे.

या मागचं तंत्र म्हणाल तर २०१४ मधे फ्रो नावाच्या अमेरिकन संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८ ते ११ वर्षांच्या मुलांवर जे केलं तेच आहे. त्यांनी मुलांना थँक्यू म्हणायला शिकवलंच नाही, तीन गोष्टींचा विचार करायला शिकवला, समोरच्यानं हे मुद्दाम आपल्यासाठी केलं का, त्याला त्यासाठी काय सोसावं किंवा सोडावं लागलं, आणि आपल्याला त्यातून काय मिळालं. त्या मुलांनी नंतर पालक संघाला आभाराची पत्रं बाकीच्यांपेक्षा जास्त लिहिली. आपली पोरं सहा-सात वर्षांची, त्यांना तिन्ही एकदम झेपत नाहीत. दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळं काही चाललेलं असतं हेच पोराला साधारण चार-पाच वर्षांपासून कळायला लागतं, तेव्हा मी फक्त मधला प्रश्न घेतो : त्याला काय करावं लागलं? तो पण वजन, वेळ, अंतर यातच. किती किलो, किती वाजता उठली, किती लांबून आणलं. त्याग, माया, कष्ट हे शब्द वापरायचे नाहीत, त्या शब्दांनी पोरांचे डोळे पेंगतात.

आपल्या खान्देशात तर याच्यासाठी बाहेरून काही आणायची गरजच नाही, श्रावण अमावस्येला पोळा आहे की. आदल्या दिवशी बैलाचे खांदे तूप-हळदीनं चोळायचे, का तर वर्षभर जू त्या खांद्यावर होतं. सकाळी नदीवर नाहीतर टाकीवर धुवायचं, शिंगं रंगवायची, त्या दिवशी औताला धरायचं नाही, खापरावरची पुरणपोळी आधी त्याला. यात तोंडानं आभार कुठं आहेत? सगळं हातानं. आणि जिथं भार होता नेमका तिथं हात. मी दर वर्षी पोळ्याच्या आधी हे एवढंच विचारतो, खांदाच का चोळतात, शेपटी का नाही. पोरं बरोबर सांगतात. मग पुढचा प्रश्न, घरात कुणाचा खांदा दुखतो, कुणाचे हात दुखतात. एका पोरीनं सांगितलं "मन्ही मायना हात फाटी जातस", कापूस वेचणीला जायची तिची आई, बोंडाच्या टोकांनी बोटं फाटतात. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण तिच्या आईनं मला नंतर बाजारात थांबवून विचारलं, सर तुम्ही पोरीला काय शिकवलं, रात्री खोबरेल घेऊन बसली माझ्या बोटांना लावायला.

अर्थात पोळ्यात एक अडचण आहे, आता निम्म्या पोरांच्या घरी बैल नाही, काहींकडं जमीनच नाही. मातीचे बैल करायला बसलो की कुणीतरी म्हणतं "आमना घर बैल नही शे" आणि गप्प बसतं. एका वर्षी असाच एक जण मातीची रिक्षा करून बसला, वडील पॅजो चालवायचे. पोरं हसली. मी म्हटलं रिक्षाचा खांदा कुठं असतो रे? त्यानं बराच विचार करून मागचं चाक दाखवलं. मग चाकाला हळद.

आता जे करू नका असं वाटतं ते, जरा कडू लागेल. एका शाळेवर असताना कुठल्याशा दात्यांनी वह्या वाटल्या, चांगली गोष्ट. पण मार्चचं ऊन, पोरं रांगेत उभी, वही छातीशी धरून सगळ्यांनी एका सुरात थँक्यू म्हणायचं, व्हिडिओ हलला म्हणून परत, मग कुणाचा तरी फोन वाजला म्हणून तिसऱ्यांदा. पहिलीची एक पोरगी वही परत द्यायला लागली, तिला वाटलं काहीतरी चुकलं. त्याला कृतज्ञता म्हणतात का मॅडम? मी तेव्हा काही बोललो नाही, ते मला अजून लागतं. त्यानंतर माझ्या वर्गापुरता नियम केला, देणाऱ्यासमोर पोर उभं करायचं नाही. वह्या आल्या की वर्गात वाटतो, महिन्यानं त्या वह्यांतलं एक पान, चित्र असो की पाढे, पाकिटात घालून दात्याला पाठवतो. एक-दोघांना ते आवडलं नाही, पुढच्या वर्षी आले नाहीत, चालतं.

आणि खिचडी, पुस्तकं, गणवेश याबद्दल पोरांना कधीही "फुकट मिळतं, आभार माना" असं ऐकवू नका, स्टाफरूममधे सुद्धा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा, दुपारचं जेवण त्या कायद्यात लिहिलेलं आहे. हक्काच्या गोष्टीसाठी पोराला वाकायला लावलं की ते मोठं होऊन एकतर सगळ्यांपुढं वाकतं नाहीतर कुणालाच मोजत नाही. जेवण हक्काचं आहे, पण ते पातेलं उतरवणारा हात एका माणसाचा आहे, पोरांना दाखवायचा तो हात.

तसंच ते आई-वडिलांचे पाय धुण्याचे कार्यक्रम आणि वक्ते बोलावून पोरांना रडवणं. माईकवरून आईनं काय काय सोसलं ते सांगायचं, मागं बासरी लावायची, दहा मिनिटात सगळं मैदान हुंदके देतंय. मोठ्या पोरांचं माहीत नाही, पण पहिली-दुसरीत हे मला अजिबात पटत नाही. प्रत्येक वर्गात एखादं पोर असतं ज्याची आई नाही, किंवा बाप रात्री पिऊन येतो, ऊसतोडीला गेलेल्या माय-बापाचं आजीकडं राहिलेलं असतं. त्याला आपण भर मैदानात काय सांगतोय? म्हणून मी "आई-बाबांसाठी" असं म्हणतच नाही, "घरातलं कुणीही" म्हणतो. एकानं शेजारच्या काकूचं नाव घेतलं होतं, एकीनं कुत्र्याचं. दोन्ही चालतात.

रोज परिपाठात घ्यावं का असं तुम्ही विचारलंय. नको. ल्युबोमिर्स्की नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या अभ्यासात, तो मोठ्यांवरचा आहे, आठवड्यातून एकदा चांगल्या गोष्टी मोजणाऱ्यांना फरक पडला, तीनदा मोजणाऱ्यांना नाही पडला. पोरांचं तर अजूनच लवकर पोपटपंची होते. मी शनिवारी घेतो, सकाळची शाळा असते, दप्तराचा ताण नसतो, पंधरा मिनिटं पुरतात. गोल बसायचं आणि एकच प्रश्न : या आठवड्यात काम करताना कोण दिसलं? आभार मान असं म्हणायचं नाही, फक्त कोण दिसलं आणि काय करत होतं. सुरुवातीला सगळी म्हणतात सर तुम्ही दिसले, मॅडम दिसल्या, आपल्याला खूश करायला, तेव्हा नियम करा की शिक्षक चालणार नाही. मग हळूहळू येतं. आमच्याकडं गावात नळ आठ-आठ दिवसांनी यायचे, एका पोरानं सांगितलं रात्री दोन वाजता पाणी सोडणारा बाबा बॅटरी घेऊन एकटा चालला होता, मी मुतायला उठलो होतो तेव्हा दिसला. सगळी हसली, पण पुढच्या शनिवारी तिघांना तो बाबा दिसला होता. कुणाला मोठी बहीण दिसते उवा काढताना, कुणाला एसटीचा कंडक्टर, म्हातारीसाठी थांबलेला. अहिराणीत, पावरीत, भिलीत, ज्यात बोलेल त्यात बोलू द्या, प्रमाण मराठी करायला लावलं की तो बाबा गायब होतो आणि "आपण सर्वांचे आभार मानले पाहिजे" सुरू होतं.

जे पोर बोलत नाही त्याच्या मागं लागू नका, माझ्याकडं एक पोरगी जूनपासून दिवाळीपर्यंत पास म्हणायची.

पोरांनी एकमेकांचं कौतुक करायचं असेल तर "तू चांगला आहेस" याला बंदी घाला, काय बघितलं ते सांगायचं. "त्यानं मला खिडकीकडची जागा दिली" हे चालतं. एवढंच पुरतं, त्याला वेगळा तास नको.

शेवटचं थोडं आपल्याबद्दल. एका पोरीनं मला विचारलं होतं, सर तुम्ही मोठ्या मायला चहाचं काही म्हणत का नाही? बाई रोज अकराला चहा आणून ठेवायच्या, मी हजेरीतून मान वर न करता घ्यायचो, वर्षानुवर्षं. शिपायाला, पाणी आणणाऱ्या पोराला आपण "ए" म्हणतो का नावानं हाक मारतो ते चाळीस डोळे रोज बघतात, त्याच्यापुढं माझे सगळे शनिवार फिके. तेव्हापासून मान वर करतो. बाई पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या काय झालं सर, साखर कमी पडली का?

केंद्रप्रमुखांना अहवाल पाहिजे असेल तर तांदळाचा हिशोब गणिताच्या वहीत आहेच, त्याचाच फोटो पाठवा, पोरांचे हात जोडलेले फोटो काढू नका. आणि वजनकाटा शाळेत नसला तर रेशन दुकानदाराकडं तासाभरासाठी मागून बघा, मला आजपर्यंत कुणी नाही म्हटलेलं नाही, फक्त परत न्यायला दोन पोरं पाठवा आणि काटा पुसून द्या.